पुढच्या गाडीचा लाल दिवा

३ नोव्हें., सोम.

आजही उशीर. सुभेदार आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. सातारा ते औंध, रस्ता तोच, गाडीतून ने-आण करायच्या चौदा कामगार बायका त्याच, त्यांची कंपनी सुटायची वेळ तीच. मग दिवाळीपासून घरी यायची वेळ का बदलली?

विचारलं. म्हणाले, "ट्रॅफिक."

रहिमतपूरच्या रस्त्याला ट्रॅफिक.

ते मोरीत असताना शर्टाचा वास घेतला. डिझेल आणि घाम. मिलिटरी कॅन्टीनच्या दारूच्या बाटल्या कपाटात होत्या तशाच. नवऱ्याचा शर्ट हुंगायची वेळ इतक्या वर्षांत आली नव्हती.

५ नोव्हें., बुध.

गिरणीत सुमन भेटली. गाडीतल्या बायकांत सगळ्यात बोलकी. सहज विचारल्यासारखं विचारलं, हल्ली उशीर होतो का गं?

"न्हाई बाई. रोजच्यासारखंच की."

मग स्वतःच, "काका च्याला थांबत्यात जरा."

"कुठं?"

"आसंच. कुठंबी."

पिठाचा डबा उचलून गेली. सुमन, आणि दोन वाक्यांत संपली.

८ नोव्हें., शनि.

सुभेदारांनी रात्री घालायचा पिवळा चष्मा मागवला आहे. सकाळी गाडीची पुढची काच ओल्या वर्तमानपत्राने पुसत होते. पुसून झालेली काच पुन्हा. "समोरच्याला अक्कल न्हाई. डिपर मारा, न्हाईतर हात जोडा, लाइट खाली घेत न्हाईत. पांढऱ्या एलईड्या. आता तर ट्रॅक्टरच्या टपावर पट्ट्या. लग्नाचा मांडव चालल्यागत वाटतंय."

शाळेत मुख्याध्यापकही तेच म्हणाले. नवी गाडी, चांगले डोळे, तरी अंधार पडला की साताऱ्याला जायला नको म्हणतात. "बाई, तो उजेड अंगावर आला की सेकंदभर देवच चालवतो गाडी."

म्हणजे सुभेदारांचं दिव्यांचं कारण खरं आहे. पण खऱ्या कारणामागे लपणं सगळ्यात सोयीचं असतं.

१६ नोव्हें., रवि.

सांगलीला भाच्याचा साखरपुडा. दोघांनाच एवढी मोठी गाडी. सुभेदार दुपारपासूनच "निघू" म्हणत होते. वहिनींनी सोडलं नाही. निघालो तेव्हा दिवस बुडत होता.

तासगाव सोडल्यावर चहाला थांबलो. चहा संपला तरी हे उठेनात. रस्त्याकडे तोंड करून बसलेले. जीप गेली. पुटपुटले, "ही न्हाई." टँकर गेला. "ह्यो पळतोय." मग विट्याची एसटी आली, तसे ताडकन उठले.

पुढे एसटी थांबली की आम्ही थांबायचं, ती निघाली की निघायचं. एका फाट्यावर कंडक्टर खाली उतरून आमच्या काचेपाशी आला.

"काय ओ पाव्हणं, आमच्या मागं काय लागलाय?"

"तुमच्या मागं बरं वाटतंय."

"मग तिकीट काढा की!"

दोघे हसले. मी विचारलं, एसटी थांबली तर आपण का थांबायचं? तेव्हा फौजेतल्या कॉन्व्हॉयची, ट्रकांच्या ताफ्याची गोष्ट सांगितली. सरहद्दीजवळच्या इलाक्यात रात्री सगळ्या गाड्यांचे दिवे बंद. पुढच्या ट्रकच्या मागच्या आसाला पांढरा रंग, त्यावर करंगळीएवढा दिवा. "तेवढाच बघायचा. बाकी डोंगर हाय का दरी हाय, आपला संबंध न्हाई." ही गोष्ट मी लग्नाच्या वर्षीही ऐकली होती. तेव्हा आवडली होती.

विट्याच्या अलीकडे एक पांढरा झोत अंगावर आला. मलाही काही दिसलं नाही, डोळे मिटले. उघडून बाजूला पाहिलं तर यांचा डावा डोळा बंद. झोत गेला तरी बंदच.

"एक डोळा राखून ठेवायचा असतोय. ट्रेनिंगमधी शिकवत्यात."

असेलही.

२१ नोव्हें., शुक्र.

गावभर हसणं. काल संध्याकाळी सुभेदार बायकांसकट साखर कारखान्यात शिरले. पुढे उसाची ट्रॉली होती, मागे लाल दिवा असलेली. तिच्यामागे रस्ताभर, तिच्यामागे वळण, तिच्यामागे गेट. शेवटी ट्रॅक्टरांच्या रांगेत वजनकाट्यापाशी उभे.

सुमननेच सांगितलं, पदर तोंडाला लावून. काट्यावरच्याने विचारलं, "ही कुठली टोळी?" ही म्हणाली, "औंधची. वजन करा दादा, पर मोठ्यानं सांगू नगा."

सुभेदार म्हणतात, "म्हणलं, बायकास्नी कारखाना दाखवावा." पारावर त्यांना टाळ्या मिळाल्या म्हणे.

वळण घेतलेलं कळलंच नाही त्यांना. ट्रॉली विहिरीवर गेली असती तर विहिरीवर गेले असते.

थोरले दीर शेवटची वर्षं भिंतीला हात लावून चालत. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली राखता येते, असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही नेलं तोवर राखायला फारसं उरलं नव्हतं. त्यांनाही सुरुवातीला दिव्यांचाच राग यायचा.

३० नोव्हें., रवि.

शाळेत डोळ्यांचं मोफत शिबिर. मी नावं लिहायला बसले होते. सुभेदार आपणहून आले, इस्त्रीचे कपडे. मला बरं वाटलं, मग वाटलं, आपणहून का?

रांग मोठी. तपासणारा मुलगा प्रत्येकाला तक्त्यावरची चौथी ओळ वाचायला सांगत होता. ग, र, ल, प. पुढचे सगळे तेच मोठ्याने वाचत होते. सुभेदारांची पाळी आली तेव्हा मुलाची छडी तिसऱ्या ओळीवर होती. सुभेदार परेडच्या आवाजात म्हणाले, "ग, र, ल, प."

मुलाचं लक्ष कार्डाकडे. "चांगली" लिहून मोकळा झाला.

कॉपी करणारा मुलगा शेजाऱ्याने खोडलेला शब्दही उतरवतो. तिथे त्याला रंगेहाथ पकडता येतं.

घरी आल्यावर कार्ड मला दाखवलं. मी न विचारता.

२ डिसें., मंगळ.

शेवटी मीच बोलले. जेवण झाल्यावर. "छडी तिसऱ्या ओळीवर होती."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग, "कुणाला बोललीस?"

नाही म्हणाले नाहीत. कुणाला, एवढंच.

"अजून कुणाला नाही."

"अजून."

मी थोरल्यांची आठवण काढली. सांगलीच्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं. म्हणाले, "दाखवलं की त्यो सांगणार. सांगितलं की गाडी बंद. मग मी काय करायचं, मास्तरीण? पारावर बसून पोरास्नी कॉन्व्हॉय सांगायचा?"

"आणि त्या चौदा जणी?"

"आजवर एकीला खरचटलं न्हाई."

कंपनीत गाड्यांचं बघणाऱ्या माणसाचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, हे त्यांना माहीत आहे. झोपताना फोन कुठे ठेवते ते पाहत होते. एका घरात दोघं, एकमेकांवर नजर. त्यातली एक अधू.

५ डिसें., शुक्र.

सुमनच्या घरी गेले. कसं सांगावं, वाक्य जुळवत होते. "सुमन, काकांबद्दल एक..."

"डोळ्याचं व्हय?"

चहा ढवळत राहिली. दिवाळीपासून पुढच्या सीटवर तीच बसते. झोत आला की ही सांगते: ट्रॉली, सायकल, म्हैस, डावीकडं घ्या. मागच्या बायकांनाही माहीत. त्यांच्या नवऱ्यांना नाही. म्हणजे मलाही सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

"आणि तुम्ही बसता गाडीत?"

"न बसून काय करू? दुसरी गाडी त्या रिंग्या डायवरची. पिऊन चालवतोय, अन् आरशातनं आमच्याकडं बघतोय. काका निदान रस्त्याकडं बघत्यात."

"अगं, दिसत नाही त्यांना."

"दिसत न्हाई म्हणून तर हळू चालवत्यात, बाई."

मग तिने सरळ विचारलं, "तुमी कंपनीत फोन करणार हाय का? केला तर सांगा आधी. घरला बसायची तयारी करायला बरं."

तीही माझ्या हातातल्या फोनकडेच पाहत होती.

८ डिसें., सोम.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून एसटीने साताऱ्याला गेले. कंपनीच्या गेटवर गाडीत चढले. सुमन पुढच्या सीटवरून उठली.

"बसा बाई. आज तुमी सांगा."

मागे कुणी फिसकन हसलं. मी बसले.

उजेड होता तोवर त्यांनी गाडी सुरेख चालवली. खड्डे चुकवत, गिअर न कळता. एवढ्या वर्षांनीही त्यांचे हात पाहत राहावेसे वाटतात. रहिमतपूरच्या पुढे अंधार झाला. पुढची गाडी एका वस्तीकडे वळून गेली आणि रस्त्यावर आम्ही एकटे राहिलो. मला त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. सुमन मागून वाकून सांगत होती, मी तिचंच पुन्हा म्हणत होते. सायकल. फाटा. मोकळं.

मग वळणावरून पांढरा झोत आला. वर पट्टी, खाली दोन. झाडं गेली, रस्ता गेला, काचेचीही फक्त धूळ दिसली.

"काय हाय फुडं?"

पांढरं होतं. दुसरं काहीच नव्हतं.

"मास्तरीण, काय हाय?"

"थांबवा!"

हुकूम झाल्यासारखे थांबले. मागे कुणाचा तरी डबा पडला. समोरचा ट्रॅक्टर शिव्या देत गेला. अंधार परत आला तेव्हा आमच्या दिव्यांत उसाची बैलगाडी होती, बिनदिव्याची, उसाचे शेंडे आमच्या काचेला जवळजवळ टेकलेले. वर बसलेली बाई आमच्याकडे बघत होती. कडेवर पोर.

मग सुमन: "आगं आयो. बाईंची नजर बघा." दुसरी म्हणाली, "शिकल्यालं माणूस ते. आता रोज बाईच फुडं."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सुभेदार मान हलवत होते, हसत होते. मला बैलगाडी दिसली नव्हती. काहीच दिसलं नाही म्हणून मी थांबवा म्हणाले. हे तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात सुभेदारांनी गिअर टाकला.

घरी आल्यावर सांगितलं. म्हणाले, "दिसली असंलच. तुला कळलं न्हाई."

९ डिसें., मंगळ.

सकाळी गाडी वेळेवर गेली. दिवसा दिसतं, एवढ्या आधारावर मी दारात उभी राहून हात केला.

शाळेत दुपारी शिपाई म्हणाला, "बाई, आता तुमी रोज साताऱ्याला जाणार म्हणं?" कुणी पसरवलं विचारलं नाही. सुमन असेल. सुभेदारही असतील. सोय दोघांचीही आहे.

मधल्या सुट्टीत कंपनीतला नंबर काढला. पलीकडे वाजत होता. उचलायच्या आत बंद केला. आता माझं नाव त्याच्या फोनवर आहे. तो उलट फोन करील. अजून केलेला नाही.

सांगलीच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळाली. एसटीने जायचं, एसटीने यायचं, असं रात्री त्यांना सांगितलं. वाद होईल वाटलं होतं.

"येतो," म्हणाले.

इतक्या लवकर कसे तयार झाले? मी दिव्याच्या बाजूला सरकले, त्यांच्या तोंडावर काही दिसतं का बघायला. तेही माझ्याकडे बघत होते, शांतपणे. पण मी सरकल्यावर त्यांची मान उशिरा वळली, माझ्या पावलांच्या आवाजाकडे.