तबला एका घरी, डग्गा दुसऱ्या घरी

नमो बुद्धाय. जय भीम.

मी, पारूबाई सावळाराम ओव्हाळ, वय सत्तर, अंगणवाडीची निवृत्त मदतनीस, राहणार वरवे बुद्रुक, तालुका भोर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं करून ठेवते. कुणाचा दाब नाही. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. मी बोलेन तसंच लिहा, असं वकीलबाईंना बजावलं आहे.

१. मला मुलं तीन. थोरला संजय, मधला सोमनाथ आणि धाकटी वनिता, विंझरला दिलेली. वरव्यातलं दोन खोल्यांचं घर मी माझ्या पगारातून बांधलं आणि ते माझ्याच नावावर आहे. भावकीनं त्यात तोंड घालू नये. शेताची वाटणी आधीच झाली आहे.

२. आमच्या घराला गाण्याची भारी हौस. मालक पेटीवर, संजय तबल्यावर, सोमनाथ आणि वनिता गायला, माझ्या हातात खंजिरी. जयंतीला गावोगाव गायलो. दिवाळीच्या सुट्टीत टेम्पो करून लेणी बघायला जायचो, कार्ला, भाजे, जुन्नर. लेण्यात बसून एक तरी गाणं म्हटल्याशिवाय मालक कुणाला डबा सोडू द्यायचे नाहीत. फार सुखाचे दिवस होते ते.

३. मालक गेल्यावर पहिल्यांदा कार्ल्याला गेलो, तेव्हा संजय पेटीपुढं जाऊन बसला. सोमनाथ म्हणाला, "बाबांची जागा तुला कुणी दिली?" संजय म्हणाला, "थोरला हाय मी. मागून घ्यायची असती व्हय?" परक्या माणसांसमोर नको नको ते बोलले. सोमनाथ एकटा एसटीनं घरी आला. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नाही.

४. पुढं वाटणीला भावकीतले शहाणे बसले. सगळं समसमान व्हायला पाहिजे म्हणून त्यांनी तबला संजयला दिला आणि डग्गा सोमनाथला. अहो, जोडी फोडून ठेका धरता येतो का? तबला कपाटावर धूळ खातोय. डग्ग्यावर सोमनाथची पोरं मोबाईल चार्जिंगला ठेवतात. पेटी मात्र मी कुणाला हलवू दिली नाही. ती वनिताला द्यावी. त्याच वाटणीत एक साडी नेसवून तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली होती. साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला.

५. खंजिरी शेजारच्या ठकुबाईंना द्यावी. बायकांनी गायनपार्टीत बसू नये असं चारचौघांत म्हणायच्या आणि घरी वाजवायला खंजिरी मागून न्यायच्या. आता उघड वाजवा म्हणावं.

६. माझ्यामागं घर वनिताला जाईल. तिला हे सांगितलं तर रडायला लागली. म्हणाली, "आये, घर नको मला. त्या दोघांना एका जाग्याला बसव, बास."

७. म्हणून दोघांनाही आज सकाळी भोरला वकीलबाईंच्या कचेरीत बोलावलं आहे. इथं एक बाक आहे. मी मध्ये आणि दोघं दोन बाजूंना, एवढं जरी बसले तरी हा कागद मी फाडून टाकीन आणि घर दोघांना देईन. बोलले नाहीत तरी चालेल. बसले नाहीत तर मी सही करीन आणि साक्षीला त्यांनीच राहावं. ज्याला काही मिळायचं नाही तोच साक्षीदार बरा, असं वकीलबाई म्हणतात. साक्षीदार वेगवेगळे आले तरी कायद्याला चालतं, असंही म्हणाल्या. कायद्याला चालत असेल, मला चालत नाही. हे सगळं दोन्ही पोरांना आधीच कळवलं आहे. दोघंही "बरं" म्हणाले. मला आशा आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

ठिकाण: भोर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: पारूबाई सावळाराम ओव्हाळ (सही)

साक्षीदार:

१. संजय सावळाराम ओव्हाळ (सही)
बाकावर आईशेजारी बसले होते. धाकटे भाऊ फाटकाशी दिसताच उठले, सही करून गेले.

२. सोमनाथ सावळाराम ओव्हाळ (सही)
थोरले भाऊ जाईपर्यंत फाटकाबाहेर उभे होते. मग आत आले. सही उभ्यानंच केली.