दावा घातला तो दिवस

कोल्हापूर, गुरुवार, ऑगस्ट १९९८. दिवेलागण.

आज शेवंताबाईंच्या दाव्याचा निकाल लागला. त्यांचा नवरा गडमुडशिंगीच्या घरातून गेला तो परतलाच नाही. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरा, एवढंच कायदा सांगतो. कोणत्या दिवशी मेला, ते कायद्यात लिहिलेलंच नाही. मग कोर्ट अर्थ लावतं आणि दावा दाखल झाला तो दिवस धरतं. मी तसंच मागितलं होतं, तसंच मिळालं. यात चुकलं काय?

व्हरांड्यात बाईंना हे समजावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे वकीलसाहेब, तुमी दावा घातला त्येच्या आदल्या दिवसापतूर आमचं मालक जित्तं हुतं की."

"फक्त कायद्यापुरतं," मी म्हटलं.

"कायद्यापुरतं कशाला? ते आलं तर पाय धुवायला म्हणून रोज सांजचं दारात तांब्याभर पाणी ठिवतोय मी. सकाळी तांब्या रिकामा असायचा. दावा घातला त्या दिवसापासनं पाणी हाय तसंच ऱ्हातंय."

कुत्रं पीत असेल. पण मग कुत्र्याला दाव्याची तारीख कुणी सांगितली? घरी आल्यापासून तो भरलेला तांब्याच दिसतोय.

समोर टेबलावर उचगावच्या एका म्हातारीचा असाच दावा आहे. तिचा मुलगा बेपत्ता आहे. तिची सही झालीय, उद्या दाखल करायचा. तारखेची जागा तेवढी कोरी आहे. ती मी भरायची.