उलट फिरवलेला थेंब

४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

आजी नावाची एक बाई तुझ्या ओळखीची होती, आठवतं का? बोटं कायमची निळी, दात मोजके, बसल्या जागी घोरणारी. तीच मी. अजून आहे. तुझं मागचं पत्र घड्या उलगडून उलगडून विरायला आलं आणि नवं काही येईना, म्हणून म्हटलं, आपणच ओळख करून द्यावी. शिकून शिकून डोक्यात जागा उरली नसेल तर दोन सूत्रं बाहेर काढ आणि तिथे मला बसव.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. हे वळणदार अक्षर कोणाचं, तेही ठाऊक आहे. तुझा बाप समोर स्टुलावर बसून लिहितोय. तू रंगघर सोडून शिकायला निघालीस तेव्हा तो म्हणाला होता, की या दारातून बाहेर पडलीस तर तुझं-माझं बोलणं संपलं. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो आणि संध्याकाळी विसरतो. हा मात्र बोलला आणि त्यातच अडकून बसला. माझं सांगणं तुला लिहून देतो, तुझं आलेलं मला वाचून दाखवतो. विचारलं तर म्हणतो, ते आईचं काम आहे. आत्ता मान वर करून म्हणाला, की एवढं सगळं लिहायची काही गरज नाही. मी म्हटलं, गरज मला आहे, तू लिही. लिहितोय बिचारा.

इथे दुपारी हंडे उकळतात, वाफ आढ्याला टेकते आणि सुताच्या ओल्या लडी दांडीवर हलत राहतात. त्या बघता बघता मला डुलकी लागते. परवा तशीच लागली. निळ्या लडींमधून तू चालत येत होतीस. येत होतीस, येत होतीस, पण पोचत नव्हतीस. जाग आली तेव्हा हातातला चहा गार झाला होता. तेव्हापासून मनात आहे, की तू तिथे करतेस तरी काय? मला समजेल असं लिही. तुझा बाप विचारणार नाही, पण कान त्याला दोन आहेत.

माया आहेच, तिला अधूनमधून पत्राचा टेकू द्यावा.

तुझी आजी

१२ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

कान पकडले. सूत्रं काढायची गरज नाही, तू आधीच तिथे पाय पसरून बसली आहेस.

मी काय करते ते सांगते. दोन गोट्या एकमेकींवर आपटल्या आणि कोणी त्याचं चित्रीकरण करून उलटं दाखवलं, तर तुला फरक कळणार नाही. गोट्यांचे नियम पुढे जाताना जे, तेच मागे येताना. पण आपल्या पाण्यात निळ्याचा थेंब पडतो, धुरासारखा उलगडतो आणि सगळं पाणी फिकट निळं होतं, ते उलटं दाखवलं तर तू हसशील. का? पाण्याचा न् रंगाचा एकेक कणही गोटीसारखेच नियम पाळतो. मग सगळे मिळून मागे का येत नाहीत? उत्तर असं, की पसरून राहायच्या तऱ्हा अफाट आहेत आणि एका जागी गोळा व्हायच्या अगदी थोड्या. परत यायला बंदी नाही, आजी. फक्त तेवढी वाट कोणी पाहू शकत नाही.

अगदी बारीक कणांचं तर याहून अजब. पाहीपर्यंत तो इकडे की तिकडे हे ठरलेलंच नसतं. आपल्याला माहीत नसतं असं नाही, ठरलेलंच नसतं.

आता खरी गोष्ट. इथे शेवटी सभागृहात उभं राहून आपलं काम सगळ्यांसमोर मांडावं लागतं. परीक्षक प्रश्न विचारतात. मागच्या वेळी माझा घसा सुकला आणि मी गप्पच उभी राहिले. त्यांनी आणखी एक संधी दिली आहे, एप्रिलच्या दहा तारखेला. या वेळी जमलं नाही तर सामान बांधायचं. पहिल्या रांगेत घरच्यांसाठी खुर्ची ठेवतात. माझी रिकामी होती आणि बोलताना माझे डोळे सारखे तिथेच जात होते. हे मी तुला सांगते आहे. आणि ज्याला हे मोठ्याने वाचावं लागतंय, त्यालाही.

लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुझी भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. खुर्चीच्या ओळीपाशी वाचणाऱ्याला ठसका लागला. पाणी पिऊन आला आणि ती ओळ गाळून पुढे वाचू लागला. मी म्हटलं, आधी मागची पुरी कर. केली.

तुझा तो बारीक कण मला समजला. तोच कण आमच्या घरात आहे. तुझं पत्र आलं की तुझा बाप उंबऱ्यावर उभा राहतो, धड आत नाही, धड बाहेर नाही. मी पाहिलं रे पाहिलं, की तो लडी पिळायला लागलेला असतो.

थेंबाबद्दल तुमचं दोघांचं एकमत निघालं, आश्चर्यच. तोही म्हणाला, रंग एकदा पाण्यात गेला तो गेला, एवढ्यासाठी शिकायला कशाला जायला हवं? मी विचारलं, दहा तारखेला तिकडे जाणं हेही तसंच का, बंदी नाही पण होणार नाही? यावर त्याला मोठी मागणी आठवली. लाल रंगाची.

तुमच्यात म्हणतात ना, की बसलेली वस्तू ढकलल्याशिवाय हलत नाही? मग ही वस्तू चांगलीच बसली आहे आणि ढकलायचं माझं वय राहिलं नाही. तूच काहीतरी ढकल.

तुझी आजी

२४ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

ढकलते. बाबांना सांग, की ते चुकले आहेत. मीही मागच्या पत्रात पूर्ण सांगितलं नव्हतं.

एका रुंद काचेच्या नळकांड्यात दुसरं बारीक नळकांडं उभं करायचं आणि मधल्या फटीत पाण्याऐवजी खूप दाट, स्वच्छ पाक भरायचा. त्यात रंगाचा एक थेंब सोडायचा. आतलं नळकांडं अगदी सावकाश फिरवायचं. थेंब लांबतो, त्याचा धागा होतो, धाग्याची धूसर पट्टी होते आणि मग तीही दिसेनाशी होते. कोणीही म्हणेल, संपला. आता तेवढंच, तितक्याच सावकाश, उलट फिरवायचं. पट्टीचा धागा होतो आणि धाग्याचा थेंब. होता तिथेच.

तो मिसळलेलाच नव्हता, आजी. फक्त ताणला गेला होता. कुठून आलो हे त्याच्या प्रत्येक भागाला अजून ठाऊक होतं. मी दहा तारखेला हेच करून दाखवणार आहे.

भिंगरी

३० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून तो म्हणाला, होणं शक्य नाही. मग मध आणला, काचेची मोठी बरणी आणली आणि तिच्यात बाटली उभी करून बसला. निळा थेंब सोडला न् फिरवली. उलट फिरवली. सगळा मध निळा. विजयी चेहऱ्याने मला दाखवायला आला. मी म्हटलं, अरे, जन्मभर हंडे ढवळलेस, तू ही बाटलीसुद्धा ढवळलीस. ती म्हणते फिरव.

दुसऱ्या दिवशी हंडे चढवलेच नाहीत. वाफ नसली की आपलं रंगघर किती लांबरुंद दिसतं, मी विसरले होते. खिडकीतलं ऊन बरणीतून पिवळं होऊन जमिनीवर पडलं होतं आणि तो श्वास धरून बाटली फिरवत होता, जणू निजलेल्या बाळाची कूस बदलतोय. मला पुन्हा डुलकी लागली, म्हणून नक्की पाहिलं की स्वप्नात ते सांगता येणार नाही. पण थेंब परत आला. वाकडा, कडेला फाटलेला, पण आला. तुझ्या बापाने बरणी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाला, मध बरोबर नाही, कोणता पाक ते विचार. म्हणून विचारते.

तुझी आजी

४ एप्रिल

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पाक कोणता ते पत्रात कळायचं नाही, पाहावं लागेल. आणि इथे मिळणारा निळा काचेत काळपट दिसतो. आपल्या कोपऱ्यातल्या हंड्यातला हवा. टपालाने पाठवू नका, बाटली फुटेल. कोणीतरी हातात धरून आणायला हवा.

खुर्ची तीच आहे, पहिल्या रांगेत, खिडकीकडची.

भिंगरी

९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर बदललेलं पाहून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे. शेजारच्या चष्मेवाल्या बाई लिहून देताहेत, कारण आमचा लिहिणारा घरी नाही.

सकाळी निघाला. निळ्याची बाटली टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसणार म्हणाला, पिशवीत ठेवायला तयार झाला नाही. लाल रंगाची मागणी पुढे ढकलली. जाताना दारात थांबला, उंबऱ्याच्या अलीकडे की पलीकडे ते मी मुद्दाम पाहिलं नाही. पाठमोराच म्हणाला, आई, ती बोलेल ना माझ्याशी?

मी काय सांगितलं ते त्यालाच विचार. तुला एवढंच सांगते, सावकाश फिरव. इतक्या दिवसांचं एका दमात उलगडायला जाऊ नकोस, गप्प बसला तर बसू दे.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा दहा तारीख होऊन गेली असेल. तू बोललीस की घसा सुकला, तो बोलला की नुसता खुर्चीत बसून राहिला, ते तुम्हां दोघांना ठाऊक असेल. मला मात्र तुझं पाकीट उघडेपर्यंत, तुझ्या त्या कणासारखं, काहीच ठरलेलं नाही, सगळंच आहे. आज हंडे थंड आहेत, लडी तेवढ्या हलताहेत, आणि तू त्यांच्यातून चालत येतेस ते मी डोळे उघडे ठेवून बघते आहे. या खेपेला बरोबर कोणीतरी आहे.

माझ्यासाठी बिस्किटं पाठव, मऊ, लोण्याची. तो परत येईल तेव्हा त्याच्या हातीच दे, टपालाने नको. वाटेत चुरा होतो, आणि चुऱ्याचं पुन्हा बिस्कीट होण्याइतकी वाट पाहायला मला वेळ नाही.

तुझी आजी