फाटकावरचं स्वागत

आदरणीय ताईस,

धाकट्या शौकांगचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? लोणच्याची बरणी पोचली (अर्धी शेजारच्या लुओ काकूंनी चव बघता बघता संपवली).

रविवारी आपली शुएयिंग सहा वर्षांनी यिबिनला घरी येतेय, गोऱ्या नवऱ्यासकट. तिच्या लग्नाला मी गेलो नाही, फोनवर नको ते बोललो आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद, हे तुला ठाऊकच आहे. जावयाशी तरी धड बोलता यावं म्हणून ज्येष्ठांच्या विद्यालयात इंग्रजीला नाव घातलं. पण पेंग मास्तर शब्द शिकवतात तो मुळापासून. तीन आठवडे आम्ही एकवीस म्हातारे एकट्या 'वेलकम'वर बसलो. जुन्या इंग्रजीत म्हणे त्याचा अर्थ, ज्याच्या येण्याने जीव सुखावतो असा पाहुणा. आता तोच शब्द पायपुसण्यावरही लिहितात, आणि कुणी आभार मानले की उत्तरादाखलही तोच. (एवढं पाठ झालं, पण इंग्रजीत चहा मागता येत नाही.)

तो मूळ अर्थ माझ्या मनात बसला. म्हणून वस्तीच्या फाटकावर लावायला लाल कापडी फलक छापायला टाकला: वर इंग्रजी शब्द, खाली तो अर्थ. छापखान्यातल्या यान बाईंकडून अर्थाचा कागद हरवला, तेव्हा त्यांनी नेहमीच्या सवयीने छापून टाकलं, 'पाहणी व मार्गदर्शनासाठी येणाऱ्या वरिष्ठांचे हार्दिक स्वागत!' मीही न वाचताच बांधला (चष्मा घरी). तासाभरात वस्ती समितीच्या बाई धापा टाकत आल्या.

"चू दादा, कोण येतंय? प्रांतातून की थेट राजधानीतून?"

"माझी मुलगी."

"अगबाई, एवढी वर पोचली? आणि हे आत्ता सांगताय!"

दुपारपर्यंत जिने धुऊन झाले, आठ महिने बंद असलेली लिफ्ट चालू झाली, कुंड्यांना रंग लागला. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. कसं का होईना, सगळी वस्ती माझ्या लेकीची वाट बघतेय, याचा मला फार आनंद होतोय.

तुझा,
शौकांग

ता. क. काल जावयाचा फोन आला. अस्सल आपल्या बोलीत म्हणाला, "बाबा, जेवलात का?" मी गडबडून 'वेलकम' म्हणालो आणि फोन ठेवला. ठेवताना मागून शुएयिंगचं हसणं ऐकू आलं.

आणखी एक. शनिवारच्या गाडीने ये. रविवारी लेकीला आणायला स्टेशनवर माझ्या शेजारी उभी राहा. तिला 'तू आलीस, बरं वाटलं' एवढं आपल्याच भाषेत म्हणायचंय, आणि ते कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. मी गप्प राहिलो तर कोपराने ढोसणी दे.