खोट्या नावाचा महाप्रसाद

माय, तू ज्या नावाने मला हाक मारायचीस ते माझं नाव नव्हतं. मोहफुलं विकत घेणारा व्यापारीही मी नव्हतो. मी पोलीस होतो. देवरीच्या पुढे, छत्तीसगडच्या हद्दीला लागून असलेल्या तुझ्या गावात साहेबांनी मला पाठवलं ते तुझ्या मोठ्या मुलासाठी. मोहाच्या पोत्यांत गांजा दडवून तो हायवेने पुढे पाठवतो, एवढंच मला सांगितलेलं. तो हसतो किती मोकळं, हे कोणी सांगितलं नव्हतं. तुला जाऊन आता बारा वर्षं झाली आणि मला रिटायर होऊन दोन. गोंदियात दोन खोल्यांत एकटाच राहतो. दिवसचे दिवस दूधवाल्याशिवाय कोणाशी बोलणं होत नाही, म्हणून तुला लिहायला बसलो. जिवंत माणसांशी खरं बोलायची सवय नोकरीतच सुटली, काय करणार.

तुझी चूल आठवते. लाखोरीची डाळ, अंबाडीची भाजी, आणि भात वाढताना तू कधी विचारायची नाहीस, सरळ टाकायचीस. मी भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असा बसायचो. ती कामाची खोड. एक दिवस तू डाव हातात धरून उभी राहिलीस. "जेवताना दाराकडं काऊन पाहून राहिला गा? कोन येनार हाय?" कोणी नाही, म्हटलं. "मंग ताटात पाह्य." दुसऱ्या दिवसापासून मी दाराकडे पाठ करून बसू लागलो. साहेबांना कळलं असतं तर त्यांनी मला तिथूनच परत बोलावलं असतं. त्या घरात मला भूक लागायची, झोप लागायची, आणि मी तिथे कशासाठी आलोय हे कधीकधी तासन् तास आठवायचं नाही.

मग महाप्रसाद झाला. तुझं माहेर हद्दीपलीकडचं, म्हणून जन्माची मैत्री बांधायची ती रीत तुझ्या घरात. पुरीहून आलेला जगन्नाथाचा वाळका भात तू डब्यातून काढलास, मी आणि तुझ्या मोठ्याने तो एकमेकांच्या तोंडात घातला, नारळ दिला-घेतला. त्या दिवसापासून तो माझा महाप्रसाद आणि मी त्याचा. एकमेकांना नावाने हाक मारायची नाही, एकाची आई ती दुसऱ्याची आई, आणि ती गेली तर दोघांनीही डोकं भादरायचं. नाव गळून पडलं याचं मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! निदान त्याच्या तोंडून तेवढं एक खोटं रोज ऐकावं लागणार नव्हतं. नाही म्हणायला पाहिजे होतं मी. कामाला सोयीचं आहे अशी मनाची समजूत घातली, पण खरं म्हणजे मला ते हवं होतं.

महिन्याभराने त्याची गाडी हायवेवर धरली. कधी निघणार, कोणत्या पोत्यांत काय आहे, सगळं मीच कळवलेलं. नाकाबंदीत सहज सापडली असं दाखवायचं ठरलं होतं, कारण पलीकडचा मोठा मासा अजून हाती लागायचा होता. त्यासाठी मी आणखी पंधरा दिवस तुझ्याच घरी राहिलो, तुझ्याच हातचं जेवलो. तो मासा शेवटी लागलाच नाही. गाव मात्र इतकं भोळं नव्हतं. घरातूनच कोणीतरी सांगितलं, असं बोलू लागले, आणि बोट तुझ्या धाकट्याकडे गेलं. तू त्याच्याशी बोलणं सोडलंस. वर्षभरात तो गाव सोडून आमगावला गेला. तू गेलीस तेव्हा मोठा तुरुंगात होता. मला बातमी उशिरा कळली. मी डोकं भादरून आलो आणि ऑफिसात नवस होता म्हणून सांगितलं. केस काय, महिन्याभरात येतात.

गेल्या सोमवारी मी आमगावला गेलो. धाकट्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. त्याने मला ओळखलं, आनंदाने उठला, स्टूल पुसून दिलं. मी सगळं सांगितलं, गाडीचं, माझ्या खऱ्या नावाचं, पंधरा दिवसांचं. तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरवत ऐकत राहिला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. तो म्हणाला, "मायच्या तिरडीले मले हात नाही लावू देला. दूरून पाहून राहिलो होतो." मग चहा सांगितला. "आता कायले आला गा सांगाले? ती होती तवा यायचं होतं." चहा झाल्यावर त्याने फक्त एक विचारलं. "पन तिले माझ्यावरच शक काऊन आला? तिनं मले एकदा इचारलंबी नाही. सरळ बोलनंच सोडलं."

माहीत नाही, असं म्हणालो मी. बस पकडून परत आलो.

माय, हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून इथे तरी लिहितो. गाडी धरली त्या सकाळी तू मला विचारलंस, "कोनं सांगतलं असन गा?" तुझे डोळे माझ्यावर जरा जास्तच थांबले असं मला वाटलं, आणि मी घाबरलो. "लहान्याले विचार," एवढंच मी म्हणालो. तो तेव्हा अंगणात बसून भावासाठी रडत होता.