वीतभर ट्रकचा पुढचा नंबर

अहो,

आज सकाळी कुंडलहून शंकरभाऊजींचा फोन आला आणि मी त्यांना सांगून टाकलं, "रविवारी ट्रक घेऊन येते." तुम्हाला न विचारता सांगितलं. आता विचारायचं तरी कुठे? म्हणून हे पत्र लिहायला बसले. रागवायचं असेल तर वाचून झाल्यावर रागवा.

भाऊजींचा फोन दर आठवड्याला येतो. पलटणीत असताना इतकी वर्षं डोंगरातल्या रस्त्यांवर तुमच्या जोडीनं ट्रक चालवलेला माणूस, लकव्यानं उजवी बाजू गेल्यापासून खाटेवर पडून आहे. त्यांना एकच हवंय, तुम्ही बनवलेला तो वीतभर लांबीचा ट्रक, तुम्हा दोघांच्या गाडीचा नंबर घातलेला. "वैनी, गाडी कवा निघनार?" असं विचारतात. गाडी टेबलावरची आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

ट्रक तुम्ही ठेवलात तिथेच होता. चाकं, ताडपत्री, हिरवा रंग, सगळं झालेलं. फक्त नंबर नाही. तुम्ही असताना भाऊजींनी विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं, "रंग अजून वाळला न्हाई रं गड्या." पावसाळा गेला, थंडी गेली, तरी तुमचा रंग ओलाच! शाळेत पोरांचे बहाणे ऐकण्यात माझा जन्म गेला, पण घरातला बहाणा मला कळला नाही बघा.

मग तुम्ही गेलात, आणि ट्रक राहिला.

खंडेनवमीला कोरेगावहून संपतभाऊजी आले. वर्षाच्या आत सण नको म्हणून मी काहीच मांडलं नव्हतं. पण गाड्या आणि हत्यारं पूजेवाचून ठेवायची नाहीत, हे तुमच्या धाकट्या भावाला कोण समजावणार? माझं शिलाई मशीन झालं, तुमची मोटरसायकल झाली, विळीसुद्धा झाली. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात त्यांनी कुंकवाचं ओलं बोट ट्रकच्या पुढच्या बंपरवर टेकवलं, नेमकं नंबरच्या जागी.

"वैनी, गाडी हाय न्हवं? मग तिलाच कुकू नको व्हय?"

ते गेल्यावर ओल्या कापसानं पुसायला गेले, तर डाग आणखी पसरला. तुमच्या त्या बिनचमकेच्या खडबडीत रंगानं कुंकू पिऊन टाकलं होतं.

पुण्याहून लेक म्हणाला, "आई, बाबांसारखे मॉडेल करणारे कुणीतरी शोधू, ते करून देतील." मी नाही म्हटलं. घरची गाडी घरातूनच तयार होऊन निघेल. हट्टी आहे म्हणालात ना मला जन्मभर? मग आता बघा.

मी स्टिकर म्हटलं की तुम्ही चिडायचात, "स्टिकर नव्हे, डिकल." बरं, डिकल. कागदातून कापायचं, कोमट पाण्यात टाकायचं, सुटलं की खालचा कागद सरकवत रंगावर उतरवायचं. ऐकायला किती सोपं! तुमच्या जुन्या विमानांची उरलेली डिकलं घेऊन मी आधी रंगवलेल्या डब्याच्या झाकणावर सराव केला. पहिली सगळी पांढुरकी चमकली, कारण खडबडीत रंगावर डिकलखाली हवा राहते. मग आठवलं की तुम्ही आधी चकचकीत वॉर्निशचा हात द्यायचात आणि मी वासावरून घर डोक्यावर घ्यायचे. या वेळी वास मीच केला. पुढची डिकलं नीट बसली. साबुदाण्याची ओली पापडी न फाटता उचलणारी बाई आहे मी, हे तुमच्या कधी ध्यानात आलं नाही का?

काल ट्रकच्या मागच्या फळीवरचा नंबर घेतला. तुम्ही छापून घेतलेला कागद एकच, आणि छापणाऱ्यानं आता ते काम सोडलंय. नंबर पाण्यातच दुमडला. मी चिमटा बाजूला ठेवला, ब्रशच्या टोकानं हळूहळू उलगडला आणि फळीवर उतरवला. सरळ बसला.

मग उरलेला कागद हातात घेतला. पुढच्या नंबरच्या कडेनं तुम्ही कापायला सुरुवात केली होती. पट्टीशिवाय सरळ रेघ कापणारे तुम्ही, आणि ती कड अशी वेडीवाकडी? मग एकेक आठवत गेलं. शेवटच्या वर्षात तुम्ही चहा बशीत ओतायचं सोडलं होतं. भाजीच्या पिशवीची गाठ माझ्याकडे सरकवायचात. रंग केव्हाच वाळला होता. हात थरथरत होते.

अहो, मला का नाही सांगितलंत? तुमच्या वर्दीवरच्या फिती कोण शिवत होतं? घरात दोन चांगले हात होते की! बायकोला सांगायची कसली लाज? एक महिना आधी बोलला असतात तर दोघांनी मिळून ट्रक नेला असता. काल मी रागानं रडले. आजही राग गेलेला नाही.

सकाळी शंकरभाऊजींना डागाचं सांगितलं. ते आता सावकाश बोलतात. म्हणाले, "आवं वैनी, पुसू नका. युनिटात दसऱ्याला कुकू लागल्याबिगर आमी चाक फिरवत नव्हतो. त्याच्यावरच नंबर टाका."

मी विचारलं, "भाऊजी, तुमचा डावा हात कसा आहे?"

"डावा लय चांगला हाय. का वं?"

का ते सांगितलं नाही. पण मी ठरवलंय. पुढचा नंबर मी इथे लावणार नाही. कुंकवाच्या डागावर वॉर्निशचा हात दिलाय. कोमट पाण्यासाठी वाटी आणि चिमटा पिशवीत घेते. भाऊजींच्या खाटेवर ट्रक मी धरीन, डिकल मी सोडीन, आणि जागेवर सरकवायचं त्यांनी, डाव्या बोटानं. फाटलं तर फाटलं. वाकडं बसलं तर वाकड्या नंबराची गाडी कुंडलात राहील. पण हात धड नाही म्हणून त्यांना नुसतं बघत बसू देणार नाही.

शब्द देते तुम्हाला. रविवारी नंबर बसेल, भाऊजींच्याच हातानं, आणि तो बसल्याशिवाय मी कुंडलहून परतणार नाही.

तुमचीच,
सुमन