अण्णा, पुढचा ब्रेक लागत नव्हता

प्रिय अण्णा,

उद्या आयुधपूजा. पूजा झाली की तुझी मोटरसायकल न्यायला गिऱ्हाईक येणार, असं बाबांनी ठरवलं होतं. ती चालू करून ठेवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून हे पत्र. तुझ्याशी भांडायचं आहे, सावकाश.

काविळीनं तू गेलास तेव्हापासून ती जिन्याखाली झाकलेली होती. आज दोन्ही कार्ब्युरेटर साफ केले, पेट्रोलमध्ये तेल मिसळलं. दुसऱ्या किकला उठली! आवाज ऐकून आई आत निघून गेली.

ट्युनिंग माझं, फेरी तुझी, आठवतं? शहराबाहेर येलहंक्यापर्यंत जाऊन यायचास आणि फाटकातूनच ओरडायचास, "इंजिनिअर बाई, डावा सिलिंडर स्वल्प आळशी आहे हां!" सख्ख्या बहिणीला मात्र हँडल कधी दिलं नाहीस. म्हणे, "तू पडलीस तर आई मला मारेल." आईची भीती, की तुला वाटेकरी नको होता?

आज मीच नेली. सुरुवातीला अगदी गरीब वाटते. मग आरपीएमचा काटा मधोमध आला की दोन्ही सिलिंडर एकदम ओढतात, पुढचं चाक हलकं होतं. समोर काच नाही, आवरण नाही. सगळा वारा छातीवर. हे तू कधी नीट सांगितलं नाहीस. सांगता येत नाही, हे आता कळलं.

सिग्नलला पुढचा ब्रेक पूर्ण दाबला. गाडी पुढेच! टू-स्ट्रोक इंजिन, थ्रॉटल सोडला तरी फारसं अडवत नाही. मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबले.

घरी येऊन पुढच्या ब्रेकचा ड्रम उघडला. लायनर फक्त एका टोकाला घासलेला, बाकी कोरा; म्हणजे तो ड्रमला कधी नीट टेकलाच नव्हता. तो मी बसवलेला, कॉलेजच्या पहिल्या वर्षी, मोठ्या ऐटीत. "कसा लागतो?" विचारलं तर म्हणालास, "फर्स्ट क्लास!" इंजिनाच्या इतक्या तक्रारी, ब्रेकची एकही नाही. माझं मन राखायला सगळं शहर मागच्या ब्रेकवर फिरलास? असा कसा रे तू?

बाबांना सांगितलं, गाडी विकायची नाही.

"एवढी जड गाडी तू चालवणार?"

"ब्रेक नीट झाला की."

त्यांनी वाकून उघडा ड्रम पाहिला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. चाकाखाली ठेवायला लिंबं आणतो."

आज रात्रीच लायनर पुन्हा बसवीन. उद्या पूजेनंतर ती लिंबं चिरडत गाडी मी बाहेर काढीन, आणि ब्रेक कसा लागतो ते स्वतःला खरं सांगीन. हे तुला वचन. तुझं "फर्स्ट क्लास" मला पुरणार नाही, अण्णा.

तुझी,
शालू